अंगणात पाखरांसाठी पाणी ठेवताय? भांडं, खोली, जागा आणि धोके : संपूर्ण माहिती

होळी झाली की बालाघाटातले ओढे आटायला लागतात. एप्रिलमध्ये पाझर तलावांच्या तळाला भेगा पडतात. दुष्काळी वर्ष असेल तर मे उजाडेपर्यंत पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या पट्ट्यात माणसंच टँकरची वाट बघत असतात. अशा दिवसांत रानातली पाखरं, खारी, सरडे, मधमाश्या गावाकडे सरकतात, कारण पाणी फक्त माणसांच्या आसपास उरलेलं असतं. हापशाखाली, गुरांच्या हौदात, न्हाणीच्या मोरीत.

बऱ्याच घरांसमोर आता उन्हाळ्यात पाखरांसाठी पाणी ठेवलेलं दिसतं. कुणी कापलेली बाटली टांगतं, कुणी रंगाचा डबा ठेवतं, कुणी जुनं टायर कापून त्यात पाणी भरतं. मन चांगलं असतं, पण भांडं खोल असलं तर त्यात खार बुडून मरते. आठ-दहा दिवस पाणी बदललं नाही तर त्यात डास तयार होतात. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी ठेवलं तर ते पिणाऱ्याचा जीवच जातो. म्हणून पाणी ठेवण्याआधी काही साध्या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

थोडक्यात

- भांडं पसरट आणि उथळ असावं. काठाला एक बोट, मध्ये जास्तीत जास्त तीन बोटं पाणी.
- भांड्यात एक-दोन दगड ठेवावेत. पडलेल्या जिवाला बाहेर यायला वाट हवी.
- जागा सावलीतली, पण मांजर दबा धरून बसेल अशी अडचणीची नको.
- पाणी रोज बदलावं आणि आठवड्यातून एक दिवस भांडं घासून कडक वाळवावं.
- कीटकनाशक, तणनाशक, रंग किंवा ऑइल यांचा डबा कधीही वापरू नये.
- हौद, टाकी आणि शेततळ्यातही बाहेर यायला वाट करून ठेवावी.

कुणाला पाणी जास्त लागतं?

पाखरांना घाम येत नाही. ऊन वाढलं की ती चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि अंगातली उष्णता श्वासावाटे बाहेर टाकतात. दुपारी बाभळीत बसलेला कावळा चोच वासून बसलेला दिसतो, तो यामुळेच. असं करताना अंगातलं पाणी भराभर कमी होतं, ते भरून काढायला पाणी प्यावंच लागतं.

सगळ्यांची गरज सारखी नसते. वेडा राघू किडे खातो, घार-शिकरा मांस खातात, त्यांना बरंचसं पाणी भक्ष्यातूनच मिळतं. शिंजीर म्हणजे फुलचुखा फुलातला रस पितो. खरी अडचण होते ती कोरडे दाणे खाणाऱ्यांची. चिमणी, होला, कबूतर, सुगरण, मुनिया, तितर यांना दाण्यातून पाणी जवळपास मिळतच नाही. त्यामुळे अंगणातल्या भांड्यावर सगळ्यात आधी चिमण्या आणि होले येतात. मागोमाग साळुंक्या, बुलबुल, सातभाई, दयाळ, कावळे येतात. भारद्वाज सहसा गडबड थांबल्यावर एकटाच येतो.

पिण्याची रीतही वेगळी असते. चिमणी, साळुंकी, कोंबडी चोचीत घोट घेतात आणि मान वर करून तो गिळतात. होला आणि कबूतर मात्र चोच पाण्यात बुडवून गुरांसारखं एका दमात ओढून पितात. त्यामुळे पाणी अगदी पापुद्र्याइतकं ठेवून चालत नाही, होल्याची चोच बुडेल एवढं तरी हवं.

माळरानाला लागून वस्ती असेल तर पखुर्डीचे थवे सकाळी लांबून पाण्यावर येताना दिसतात. या पक्ष्याचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि उडत पिल्लांपर्यंत जातो. पिल्लं त्या ओल्या पिसांतून पाणी पितात. अशा माळावर जवळचा पाणवठा आटला तर बापाला तेवढं लांब उडावं लागतं.

भांडं कोणतं घ्यावं?

सगळ्यात चांगलं मातीचं पसरट भांडं. कुंभाराकडे परळ मिळतं, ते एक-दीड फूट रुंद असलं की झालं. मोठ्या कुंडीखाली ठेवायची मातीची ताटली किंवा फुटक्या रांजणाचा बूडही चालतो. मातीचं भांडं पाझरतं, त्यामुळे पाणी गार राहतं. भांड्याचा आतला भाग खरखरीत असल्याने पाखरांचे पाय घसरत नाहीत.

घरातलं जुनं घमेलं वापरायचं असेल तर चालेल, पण उन्हात ते तापतं आणि पाणी चटका बसेल इतकं गरम होतं. ते पूर्ण सावलीत ठेवावं आणि आत वाळू-खडे टाकून उथळ करावं. प्लास्टिकच्या टोपल्या गुळगुळीत असतात, त्यांतही खडे लागतातच.

कापलेली बाटली दिसायला छान दिसते, पण तिचं तोंड अरुंद असतं आणि पाणी थोडं मावतं. दुपारपर्यंत ते एक तर संपतं किंवा तापतं. टायरच्या पोकळीत पाणी साचून राहतं, ते नीट उपसता येत नाही. डेंग्यूच्या डासाला अशीच जागा आवडते, म्हणून टायर टाळलेलंच बरं.

शक्य असेल तर एकसारखी दोन भांडी घ्यावीत. एक पाण्याने भरलेलं आणि दुसरं घासून उन्हात पालथं घातलेलं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली की स्वच्छतेचं निम्मं काम आपोआप होतं.

खोली मोजायची बोटांनी

चिमणी जेमतेम बोटभर पाण्यात उभी राहू शकते. काठावर बसून ती पिते, पण आंघोळीला तिला पाण्यात उतरावं लागतं. म्हणून काठाशी एक बोट आणि मध्ये दोन-तीन बोटं, असा उतार हवा. भांडं सरळ काठाचं असेल तर एका बाजूला चपटे दगड रचून उतार करून घ्यावा.

मध्ये एक मोठा दगड पाण्याच्या वर डोकं काढेल असा ठेवावा. त्यावर बसून लहान पाखरं पितात आणि पाण्यात पडलेला सरडा, किडा त्यावर चढून वाचतो. दगड डुगडुगता नको.

पाखरं त्याच पाण्यात आंघोळ करतात आणि ते लगेच गढूळ होतं, अशी तक्रार असते. पण आंघोळ हे त्यांचं खेळणं नाही. त्याने पिसांतली धूळ जाते आणि अंग गार होतं. जागा असेल तर दोन भांडी ठेवावीत, एक उंचावर पिण्यासाठी आणि एक जमिनीवर रुंद.

जागा कशी निवडावी?

कडुनिंब, आंबा, चिंच, सीताफळ अशा झाडाची दुपारची सावली मिळेल तिथे भांडं ठेवावं. सकाळचं कोवळं ऊन लागलं तरी हरकत नाही. बारा ते चार ऊन नको.

मुख्य धोका मांजराचा. पाणी पिताना पाखराचं लक्ष खाली असतं आणि आंघोळीनंतर ओल्या पंखांनी त्याला पटकन उडता येत नाही. म्हणून भांड्याच्या चारी बाजूंनी पाच-सहा फूट मोकळी जागा असावी. काडीकचऱ्याचा ढीग, सरपण, कडब्याची गंजी याला चिकटून भांडं ठेवू नये. मात्र जवळपास एखादं झुडूप किंवा फांदी हवी. पाखरं आधी तिथे बसून अंदाज घेतात, मग खाली उतरतात. घाबरली की परत तिथेच जातात.

घरात मांजर असेल तर भांडं छातीइतक्या उंचीवर, लाकडी किंवा लोखंडी खांबावर पक्कं बसवावं. फांदीला टांगायचं असेल तर तीन दोऱ्यांनी बांधावं, म्हणजे कावळा बसला तरी ते कलंडत नाही. सातभाई, तितर, मुंगूस यांना जमिनीवरचंच भांडं सोयीचं पडतं.

एकदा जागा ठरली की ती बदलू नये. पहिले काही दिवस कुणीच आलं नाही तरी भांडं तिथेच राहू द्यावं. पाणी हलताना दिसलं किंवा त्याचा आवाज आला की पाखरं लवकर येतात. त्यासाठी पाण्याच्या बाटलीला सुईने बारीक भोक पाडून ती भांड्यावर टांगावी, थेंब थेंब पडत राहील. दवाखान्यातल्या वापरलेल्या सलाईनच्या नळ्या मात्र यासाठी आणू नयेत, तो दवाखान्याचा कचरा आहे.

टँकरच्या गावात एवढं पाणी आणायचं कुठून?

प्रश्न रास्त आहे, पण हिशोब मांडला तर पाणी फार लागत नाही. एक फूट रुंद भांड्यातलं पाणी एक सेंटिमीटरने खाली गेलं तर सुमारे ७०० मिली पाणी कमी होतं. कडक उन्हाळ्यात उडून जाणारं, पाखरांनी प्यायलेलं आणि आंघोळीत सांडलेलं, असं सगळं धरलं तरी एका भांड्याला दिवसाला दोन-तीन लिटर पुरतात. दोन भांडी ठेवली तरी एका कळशीपेक्षा कमी.

ही भरपाई घरातूनच होऊ शकते. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी झाडांच्या आळ्यात टाकावं आणि झाडांना जाणारं तेवढंच स्वच्छ पाणी भांड्यात घालावं. तांदळाचं धुवण थेट भांड्यात ठेवू नये, उन्हाने ते आंबतं. भांड्यातलं शिळं पाणीही वाया घालवायची गरज नाही. ते कढीपत्त्याच्या, शेवग्याच्या किंवा पपईच्या आळ्यात ओतावं.

हापशाजवळ एक सोपा उपाय करता येतो. ओट्यावरून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत सिमेंटची ताटलीसारखी उथळ खळगी करायची आणि तिच्यातून भरून वाहणारं पाणी पुढे शोषखड्ड्यात सोडायचं. गावाने दिवसभर पाणी हापसलं की खळगी आपोआप भरत राहते. तिथे धुणं-भांडी होत नसतील तरच हे करावं, साबणाचं पाणी पाखरांना नको.

डासांचं काय?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. पाखरांच्या भांड्यालाही तोच नियम लागू आहे.

नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. त्यामुळे भांडं नारळाच्या शेंडीने किंवा ब्रशने आतून खसाखसा घासावं, धुवावं आणि उन्हात वाळवावं. साबण, पावडर लावायची गरज नाही. राख किंवा वाळू पुरते. हिरवं शेवाळ धरलं असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत घासावं.

गुरांचा मोठा हौद रोज रिकामा करणं शक्य नसतं. अशा हौदासाठी गप्पी मासे हा उपाय आहे. त्यासाठी आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

कोंबड्यांचं आणि पाखरांचं पाणी वेगळं

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीर शहरात कावळे मेले, तेव्हाही तपासणीत हाच आजार निघाला. रानातल्या पाखरांकडून कोंबड्यांना आणि कोंबड्यांकडून पाखरांना असे आजार पाण्यातून, विष्ठेतून लागू शकतात.

म्हणून परसात कोंबड्या असतील तर त्यांचं पाणी खुराड्याजवळ किंवा जाळीच्या आत ठेवावं आणि पाखरांचं भांडं त्यांच्यापासून दूर, उंचावर ठेवावं. भांड्याजवळ सुस्त, पिसं फुलवून बसलेली पाखरं दिसली तर भांडं उचलून घासावं आणि काही दिवस ठेवू नये. एकाच जागी अनेक पाखरं मरून पडली तर हात लावू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावं.

मधमाश्यांसाठी ओला दगड

उन्हाळ्यात मधमाश्या पाणी फक्त पिण्यासाठी नेत नाहीत. त्या पोळ्यात पाण्याचे थेंब पसरवतात, पंखांनी वारा घालतात आणि पोळं गार ठेवतात. अगदी आपल्या कूलरसारखं. पोळं तापलं तर आतली पिल्लं मरतात. कांद्याचं बी, टरबूज, खरबूज, सूर्यफूल या पिकांना फळ-दाणा धरायला मधमाश्या लागतात. त्यामुळे त्यांना पाणी देणं शेतकऱ्याच्याही हिताचं.

खोल पाण्यात मधमाशी बुडते. तिच्यासाठी वेगळी ताटली घेऊन ती खड्यांनी भरावी आणि खडे निम्मे बुडतील एवढंच पाणी घालावं. गोणपाटाचा तुकडा ओला करून काठावर टाकला तरी माश्या त्यावर बसून पाणी ओढतात. ही ताटली दारापासून, गोठ्यापासून आणि मुलं खेळतात त्या जागेपासून लांब ठेवावी. आग्या मोहोळ जवळ असेल तर जास्तच अंतर राखावं.

फुलपाखरांना उघडं पाणी लागत नाही. ओल्या मातीतून ती पाणी आणि क्षार शोषून घेतात. आळ्यातली माती ओली असली की त्यांचं भागतं.

खारी आणि ठिबकच्या नळ्या

उन्हाळ्यात खारी आणि उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात, ही शेतकऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. पाण्याच्या वासाने ते नळीपर्यंत येतात. काही शेतकरी यासाठी बांधावर झाडाखाली पाण्याची उथळ भांडी ठेवतात. याने कुरतडणं पूर्ण थांबेलच असं नाही, पण एक नळी बदलण्यापेक्षा एक परळ ठेवून पाहणं स्वस्त पडतं. शेतातल्या भांड्याची काळजी घरच्यासारखीच घ्यावी लागते. आठवड्यातून एकदाच रानात जाणं होत असेल तर भांडं ठेवू नये.

औषधाचे डबे आणि ड्रम : इथे चूक नको

कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा कितीही वेळा धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो. असा डबा कापून पाखरांना, कुत्र्याला किंवा गुरांना पाणी ठेवणं म्हणजे विष ठेवणं. रिकामे डबे भोक पाडून निकामी करावेत, म्हणजे दुसरं कुणी नकळत वापरणार नाही.

फवारणीच्या दिवशी औषध कालवलेला ड्रम उघडा ठेवू नये. तहानलेली पाखरं, मधमाश्या, गावातली कुत्री पाणी समजून तोंड घालतात. जेवायला जाताना ड्रमवर झाकण किंवा ताडपत्री टाकावी आणि वर दगड ठेवावा. पंप धुतलेलं पाणी ओढ्यात, चरात किंवा विहिरीजवळ ओतू नये. फवारा उडत येईल अशा बांधावर पाखरांचं भांडं असेल तर ते आधी उचलावं.

हौद, टाकी, विहीर आणि शेततळं

अंगणातलं भांडं नीट असलं तरी तिथून वीस पावलांवरचा उघडा हौद सापळा ठरू शकतो. पाणी अर्ध्यावर आलं की खार, मुंगूस, पाखरू काठावरून वाकतं आणि आत पडतं. गुळगुळीत सिमेंटवर त्याला चढता येत नाही. सकाळी हौदात मेलेली खार सापडते ती अशी. मग ते पाणी गुरांनाही चालत नाही.

उपाय दहा मिनिटांचा आहे. एक खरबरीत फळी किंवा जाड फांदी तिरकी ठेवावी, तिचं एक टोक तळाला आणि दुसरं काठाबाहेर. फळी नसेल तर गोणपाट काठावर दगडाने दाबून आत तळापर्यंत सोडावं. पाणी कितीही कमी झालं तरी चढायला वाट राहिली पाहिजे. सिंटेक्सच्या टाकीला झाकण लावावं, तेवढ्याने डासांचाही बंदोबस्त होतो.

शेततळ्याचा धोका मोठा आहे. राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून गावोगावी शेततळी झाली. अस्तरीकरणाचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. काळवीट असो, कुत्रं असो की पोहता येणारा माणूस असो, एकदा आत घसरला की वर येणं कठीण. म्हणून चारही बाजूंनी कुंपण हवंच. शिवाय प्रत्येक बाजूला गाठी मारलेला जाड दोर किंवा दोराने एकमेकांना बांधलेली टायरं काठावरच्या खुंट्याला पक्की बांधून पाण्यापर्यंत सोडावीत. हा खर्च पाखरांसाठी वाटला तरी तो घरच्या पोरांसाठीही असतो.

कठडा नसलेल्या विहिरीत कोल्हे, उदमांजरं, बिबटेही पडतात. रात्री पाण्याच्या किंवा भक्ष्याच्या मागे येताना त्यांना विहीर दिसत नाही. कठडा बांधणं परवडत नसेल तर निदान काट्यांचं आणि लाकडांचं कुंपण करावं, वापरात नसलेली विहीर जाळीने झाकावी. प्राणी पडलेला दिसला तर गर्दी करू नये, दगड मारू नये, आत उतरू नये. वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावं.

साप, बिबट्या, माकडं : भीती आणि काळजी

पाणी ठेवलं की बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येऊ शकतो. त्यामुळे जमिनीवरचं भांडं दारापासून आणि रात्री अंगणात झोपायच्या जागेपासून लांब असावं. आजूबाजूला विटांचा, सरपणाचा ढीग नको, गवत कापलेलं असावं. सांडलेले दाणे रात्री तसेच राहू देऊ नयेत, दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर नाग, घोणस. अंधारात भांडं भरायला जाऊ नये, जायचंच असेल तर बॅटरी घ्यावी. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ वर फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावं.

आष्टी तालुक्याने २०२० च्या अखेरीस बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गमावली आहेत. ज्या वस्तीजवळ बिबट्याचा वावर आहे तिथे घराला लागून मोठं टाकं किंवा जमिनीलगत भरलेला हौद पाखरांसाठी म्हणून बांधू नये. खांबावरचं लहान भांडं पुरे, संध्याकाळी तेही रिकामं करून सकाळी भरावं. दिवसा येणाऱ्या पाखरांचं यात काही नुकसान होत नाही. हरणं, मोर, कोल्हे यांच्यासाठी वन विभाग रानात पाणवठे करतो आणि उन्हाळ्यात ते टँकरने भरले जातात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री अशाच पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद होते. आपल्या शिवारातला पाणवठा कोरडा पडला असेल तर वनरक्षकाला किंवा १९२६ वर सांगावं. मोठ्या जनावरांचं पाणी रानातच असलेलं माणसाच्याही सोयीचं आणि त्यांच्याही.

वानरं किंवा माकडं येत असतील तर घराजवळ खायला देऊ नये. सवय लागली की ती घरात शिरतात.

पाण्यावर येणाऱ्या मोराला, तितराला, घोरपडीला फासे लावणं किंवा पाण्यात विष कालवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पाटोदा तालुक्यात नायगाव हे मोरांसाठी राखलेलं अभयारण्य आहे, पण मोराला संरक्षण अभयारण्याच्या हद्दीपुरतं नाही. तुमच्या बांधावर आलेल्या मोरालाही तेच लागू आहे.

घर बंद असेल तर?

या जिल्ह्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं राहतात. पाण्याचं भांडं बहुतेक वेळा त्यांच्याच हाती असतं. आजीला वाकता येत नसेल तर जमिनीवरचं भांडं नको, कमरेइतक्या उंचीचं बरं.

जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरं हौसेने झाडांना परळं टांगतात. पण मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि नेमकी तेव्हाच ती कोरडी पडतात. पाखरांना त्या जागेची सवय लागलेली असते आणि आजूबाजूचं बाकीचं पाणीही तोवर आटलेलं असतं. सुट्टी लागण्याआधीच शाळेजवळच्या दोन घरांना भांडी वाटून द्यावीत आणि कुणी कोणत्या दिवशी भरायचं ते ठरवावं. चार दिवसांसाठी गावाला जातानाही शेजाऱ्याला सांगून जावं. रोज भरणारं कुणीच नसेल तर भांडं पालथं घालून ठेवलेलं बरं.

पाखरू उन्हाने पडलं तर

दुपारी झाडाखाली धापा टाकत पडलेलं पाखरू सापडतं. अशा वेळी घाईने चोच उघडून पाणी ओतलं जातं. हे पाणी श्वासनलिकेत जाऊन पाखरू तिथेच मरू शकतं. त्याऐवजी :

- हातात फडकं घेऊन हळू उचलावं आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवावं.
- खोकं सावलीत, गार आणि शांत जागी ठेवावं. कुत्रं, मांजर, पोरं लांब.
- खोक्यात उथळ झाकणात थोडं पाणी ठेवावं, पिणं त्याच्यावर सोडावं.
- तास-दोन तासांनी सावध झालं की झाडाजवळ नेऊन सोडावं.
- पंख मोडला असेल किंवा सावध होत नसेल तर १९२६ वर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं.

नेहमीचे प्रश्न

*पाण्यात साखर, गूळ किंवा मीठ घालावं का?*
नाही. साधं पाणीच हवं. गुळाचं पाणी उन्हात आंबतं, त्यावर मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात.

*बोअरचं पाणी खारट आहे. चालेल का?*
गुरं जे पाणी पितात ते पाखरांना चालतं. भांड्यावर पांढरा थर धरत असेल तर तो वरचेवर घासून काढावा.

*पाण्यासोबत दाणे ठेवावेत का?*
ठेवायचे तर मूठभर ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ, पण भांड्यापासून चार-पाच फुटांवर. पाण्यात पडलेले दाणे कुजतात. शेव, फरसाण, शिळी भाजी अशा खारट-तेलकट वस्तू देऊ नयेत. बियाण्याला औषध चोळलेलं असेल तर एक दाणाही बाहेर सांडू देऊ नये.

*पाणी कधी बदलावं?*
सकाळी लवकर. पाखरं सकाळी आणि ऊन उतरल्यावर जास्त येतात. कडक उन्हात दुपारी एकदा बघावं, आटलं असेल तर भर घालावी.

*उन्हाळा संपल्यावर काय करायचं?*
मृगाचा पाऊस लागून ओढे वाहायला लागले की पाखरं रानातल्या पाण्यावर जातात. तेव्हा भांडं घासून, वाळवून, घरात किंवा पडवीत पालथं ठेवावं. पावसात ते उघडं पडून राहिलं तर पाखरं येणार नाहीत, डास मात्र येतील. दिवाळीनंतर माळ पुन्हा कोरडा पडायला लागला की भांडं त्याच झाडाखाली, त्याच जागी परत मांडावं.